पलासियाचा पेरू

"भिया, किलो भर पेरू देना. जरा पके हुए."

"पेरू तो ऊपर है बाउजी, पहले माले पे. अपने इधर तो जाम है," गाडीवाला हसून म्हणाला.

श्रीराम पाग्यांनी जीभ चावली. अख्खा जन्म इंदूरमध्ये गेला. बाजारात जाम म्हणायचं आणि घरात पेरू, हे त्यांच्या तोंडात पक्कं बसलेलं. पण उद्या बायकोचं, सुमेधाचं वर्षश्राद्ध होतं, सकाळपासून डोक्यात तिचाच शब्द घोळत होता, तो निसटला. चालायचंच. गाडीवाल्यानं बोट कुठे दाखवलं म्हणून त्यांनी मान वर केली, आणि पलासियाच्या त्या भर दुपारच्या गर्दीत त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

वर लाल-पिवळी पाटी होती. 'पेरू. दक्षिण अमेरिका का खाना.'

"ये कब खुला?"

"हो गए होंगे दो साल."

सुमेधा मराठी शाळेत भूगोल शिकवायची. "पेरू, राजधानी लीमा" म्हटलं की दरवर्षी वर्ग खिदळायचा, आणि दरवर्षी घरी येऊन ती ही गंमत नव्यानं सांगायची. श्रीराम पोलोग्राउंडच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर जळालेल्या मोटरींची वायंडिंग करून आलेले असायचे, तांब्याच्या तारेनं बोटं सोललेली. ते हूं हूं करायचे. बायकोचं बोलणं नवरे ऐकतात तसं ऐकायचे, म्हणजे ऐकायचेच नाहीत.

दवाखान्यात तिला पुरं वाक्य बोलण्याइतका दम उरला नव्हता. "अहो, एकदा... पलासियाचा पेरू," एवढंच म्हणायची. त्यांनी याच गाडीवरून आणला. ती इतकी हसली की ठसका लागला. "हा नव्हे हो," म्हणाली. त्यांना वाटलं, पांढरा नको असेल. दुसऱ्या दिवशी आतून गुलाबी निघणारा आणला. शेवटी तिनं नाद सोडला आणि त्यांचा हात थोपटला. स्ट्रेचर आत जाताना मात्र मान वळवून म्हणाली, "येते हं." जाते हा शब्द तिनं जन्मात उच्चारला नाही. कुणी 'जातो' म्हणालं की त्याला उंबऱ्यातून परत बोलावून 'येतो' म्हणायला लावायची. त्या दिवशी येते म्हणाली आणि आली नाही.

दहाव्याला श्रीरामांनी पिंडाशेजारी पेरूची फोड ठेवली. कावळा कडुलिंबावरून उतरला, जवळ आला, पाहिलं, आणि उडून गेला. "त्यांचं काही मागे राहिलंय का, आठवून बघा," गुरुजी म्हणाले. पुतणी अनुश्रीनं काकूची पुस्तकं सांभाळण्याचा शब्द दिला. श्रीरामांनी सुचेल ते कबूल केलं. कावळा शिवला नाही तो नाहीच. दर्भाचा कावळा करून उरकावं लागलं. तिचं काय राहिलं, हा किडा तेव्हापासून त्यांना पोखरत होता. त्यात आणखी एक. संध्याकाळ झाली की स्वयंपाकघरात पिकल्या पेरूचा वास सुटायचा, घरात एकही पेरू नसताना. "काका, मला तर काही वास येत नाही. वहम आहे तुमचा," अनुश्री म्हणायची. ते खिडक्या उघडून बसायचे.

"मूर्खा," ते आता स्वतःलाच म्हणाले, आणि जिना चढले.

वर शुकशुकाट होता. पांढऱ्या मिशांचा एक वेटर लगबगीनं पुढे आला. "आओ, आओ अहोजी. बड़ी देर कर दी."

श्रीराम होते तिथेच थांबले. "क्या बोला तुमने?"

"आप अहोजी हो ना? मैं लक्ष्मण. देपालपुर का हूं, यहां शुरू से हूं." त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "आंटीजी ने बताया था आपके बारे में."

"कौन आंटीजी?"

"वो मास्टरनीजी. नीचे जाम के ठेले के पास खड़ी रहती हैं, दोपहर को. मैं बोलता हूं, ऊपर आके बैठो, धूप है. कहती हैं, अहो येतील. मैं समझ गया, अहोजी आएंगे, तब बैठेंगी."

श्रीरामांनी विचारलं, "साड़ी कैसी पहनती हैं?"

"हरी. एकदम नई. रोज वही."

सुमेधा ती साडी स्वतःच्या हातानं कधी नेसलीच नव्हती. सवाष्ण गेली म्हणून अनुश्रीनं ती धावतपळत आणली होती, शेवटची नेसवायला.

"आज भी थीं?"

"लो," लक्ष्मण हसला, "अभी आपके पीछे-पीछे तो चढ़ीं."

श्रीरामांनी मागे वळून पाहिलं नाही. भीती वाटली, त्यात लपवायचं काय. पण भीतीहून मोठी लाज वाटली. ही बाई वर्षभर उन्हात ताटकळली, आणि आपण घरात तिच्या वासाला घाबरून खिडक्या उघडत बसलो.

"दोन पानं वाढा," ते मराठीतच म्हणाले. लक्ष्मणला बरोबर कळलं.

खिडकीजवळच्या टेबलावर दोन ताटं आली. लिंबू पिळलेल्या पिवळ्या बटाट्याचे थंडगार थर, बोराएवढाल्या दाण्यांचा मका, मक्याचंच जांभळं सरबत. समोरच्या खुर्चीकडे पाहायचा धीर होईना. ते ताटाकडे बघतच बोलले.

"बटाटा मूळचा पेरूतलाच, म्हणायचीस ना तू? बघ, लक्षात आहे माझ्या." मग थांबून म्हणाले, "उशीर झाला गं. मला पेरू म्हणजे पेरूच वाटला."

खुर्ची हलली नाही, काही वाजलं नाही. फक्त लिंबाच्या वासावर पिकल्या पेरूचा वास दाट होत गेला, इतका, की त्यांचे डोळे भरून आले. ते उठून बेसिनकडे गेले आणि तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभे राहिले.

परत आले तेव्हा लक्ष्मण जिन्याशी उभा राहून खाली बघत होता.

"आंटीजी निकल गईं, अहोजी."

"कुछ बोलीं?"

"हंसीं. और बोलीं..." परका शब्द चुकू नये म्हणून लक्ष्मणनं तो जपून उच्चारला. "'जाते.' बस, इतना ही. जाते मतलब जा रही हूं, है ना?"

"हां," श्रीराम म्हणाले. "वही मतलब है."

ते टेबलाशी आले. पेरूचा वास गेला होता, नुसता लिंबाचा येत होता. तिच्या ताटात बटाट्याच्या थराचा एक कोपरा टिपलेला होता, चोचीत मावेल एवढा.

कावळा शिवला की मगच घरच्यांनी जेवायचं असतं. श्रीरामांनी तिचं ताट आपल्यापुढे ओढलं, चमचा बाजूला ठेवला, आणि हातानं जेवायला सुरुवात केली.