चादरीची टोकं

चार पावलं पुढे जाऊन धाकटीने सवयीने दोन्ही हात पुढे केले. समोर भिंत. नुकतीच वाळलेली चादर जमिनीवर लोळली.

"भिंतीच्या हातात देतेस होय गं?" इस्त्रीवाला हसला.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरीची घडी दोघींनी घालायची. लांब जायचं, ताणायचं, मग चालत जवळ येऊन टोकं दुसरीच्या हातात द्यायची. सव्वीस वर्षं समोर तिची थोरली जाऊ होती. त्यातली शेवटची अकरा वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. सासूच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून तोंडं फिरली ती फिरलीच. हात मात्र दिवसातून शंभरदा भेटत. टोकं देताना धाकटी मनात म्हणे, 'प्रभू, दया कर.' थोरलीचेही ओठ हलत.

आता वीस दिवस थोरली वरच्या वॉर्डात होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती.

दुपारी धाकटी चॅपलमध्ये गेली. "फादर, वीस दिवस झाले, प्रार्थनाच होईना. देव कुठे गेला कळत नाही."

"शेवटचा कुठे भेटला होता?" चष्मा पुसत म्हाताऱ्या फादरांनी विचारलं, जणू किल्ली हरवली होती.

धाकटीने सोड्याने चिरलेल्या आपल्या हातांकडे पाहिलं. ती उठली, धुलाईखान्यातून एक धुतलेली चादर घेतली आणि जिना चढली.

थोरली उशीला टेकून बसली होती. नुसती हाडं. धाकटीने चादर उलगडली, दोन टोकं थोरलीच्या हातात दिली आणि खाटेच्या पायथ्याशी जाऊन ताणली.

"ढिली धरतेस," थोरली पुटपुटली. "पहिल्यापासून ढिलीच."

"आणि तुम्ही ओढायच्या." धाकटीचा आवाज चिरकला. "जाऊबाई, माझं चुकलं हो."

"माझं काय कमी चुकलं? चल, पुढे ये. हात दुखतात."

धाकटी चालत आली. थोरलीने टोकांबरोबर तिची बोटंही धरून ठेवली. थोरलीची बोटं गार होती. 'प्रभू, दया कर,' दोघी म्हणाल्या. या वेळी एकमेकींना ऐकू आलं.

चौथ्या दिवशी रिकाम्या खाटेवरून थोरलीची चादर खाली आली. धाकटीने तिला कोणाला हात लावू दिला नाही. धुतली, वाळवली. मग दोन टोकं खिडकीच्या गजाला बांधली, लांब गेली आणि ताणली. ढिली नाही. चालत खिडकीपाशी आली.

इस्त्रीवाला बघत होता, पण हसला नाही.

गज गार होता. तिने हात लगेच काढला नाही.