दहा जणांची कुपी

"दीदी, डिब्बा रोज भरा लाती हो, भरा ले जाती हो. इससे अच्छा तो दूध बेच लो."

समोरच्या ओट्यावरून कुणीतरी हे म्हटलं आणि दोन-चार जण हसले. विनिताने लसीच्या निळ्या डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

"दूध फट जाता है, भैया," ती म्हणाली. "ये शाम तक वैसी की वैसी रहती है. आप आराम से सोच लीजिए."

आणखी थोडं हसू झालं, मग गल्ली आपापल्या कामाला लागली. टोपी बाजारातल्या त्या धर्मशाळेत आठवडाभर ती अशीच बसत होती. तिच्या मागे खुर्च्यांची एक रिकामी रांग होती. डब्यात बर्फाच्या थैल्यांमध्ये कुप्या होत्या. एका कुपीत दहा जणांची लस. एकदा तिच्या बुचात सुई गेली की चार तासांत दहाही जणांना ती मिळायला हवी. उरेल ती फेकायची. म्हणून समोर दहा माणसं जमल्याशिवाय कुपी उघडायची नाही, असा आरोग्य केंद्राचा दंडक होता. शहरातल्याच हरिशंकरपुरममध्ये लोक पहाटेपासून रांग लावत होते, नंबरावरून भांडत होते. इथे बंद कुप्या संध्याकाळी केंद्रावर परत जात होत्या.

कारण सगळ्यांना माहीत होतं. एप्रिलमध्ये याच धर्मशाळेत पहिल्यांदा लसीकरण झालं तेव्हा गल्लीतले बरेच जण येऊन गेले होते. त्यांतले दोन जण महिन्याच्या आत गेले. एक संग्रामसिंह, समोरच्या बनियान-टॉवेलच्या ठोक दुकानाचे थोरले मालक. दुसरे महिपतराव मोहिते, विनिताचे सासरे. त्यांना सुई तिनेच दिली होती.

शहरात इतरत्र अफवा फिरत होत्या: मुलं होत नाहीत, दोन वर्षांत माणूस मरतो, ताकद जाते. त्या कुठून आल्या ते कुणाला सांगता येत नव्हतं. इथल्या अफवेला मात्र पत्ता होता. तो मोहित्यांच्या घराचा होता.

त्या दुपारी केंद्रावरच्या मॅडमचा फोन आला. सोमवारपासून हा डबा हरिशंकरपुरमला जाईल, असं त्यांनी सांगितलं. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांचं म्हणणं हिशेबाला धरूनच होतं. विनिता म्हणाली की या गल्लीतली म्हातारी माणसं मोठा रस्ता ओलांडून केंद्रावर येणार नाहीत. पुढची लाट आली तर ती अशीच सापडतील. मॅडमनी शनिवारपर्यंतची मुदत दिली. शनिवार दुसऱ्याच दिवशी होता.

घरी समरजीतला हे सांगितलं, तर नवऱ्याला बरंच वाटलं. "छोड ना," तो म्हणाला. "दुसऱ्या एरियात ड्यूटी मिळते आहे तर घे. तुझ्या तोंडावर कुणी बोलत नाही. माझ्या बोलतात."

काय बोलतात ते त्याने सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. त्यानेही अजून लस घेतलेली नव्हती, आणि तो विषय दोघं टाळत होती.

शांताताई स्वयंपाकघरात लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसल्या होत्या. नवरा गेल्यापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. बायका भेटायला येत, आवाज खाली करून विचारत की सुईनेच झालं का. शांताताई पदर सारखा करून जमिनीकडे बघत. त्या गप्प राहण्याने जे केलं ते फोनवर फिरणाऱ्या कुठल्याही निरोपाने केलं नव्हतं. विनिताला ते ठाऊक होतं. इतके दिवस विचारायचं धैर्य मात्र होत नव्हतं.

ती त्यांच्यासमोर पाटावर बसली. "आई, एक विचारू? तुम्हाला वाटतं, माझ्या हातून झालं?"

अडकित्ता थांबला नाही. एक कैरी पुरी झाली, कोय बाजूला पडली. मग शांताताईंनी हात पुसले.

"त्या दिवशी सकाळी त्यांना बुखार होता," त्या म्हणाल्या.

शांताताईंनी सलग सांगितलं, जणू बरेच दिवस मनात लावून ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी ओट्यावर बसून महिपतरावांनी समोरच्या दुकानातल्या दोघा भावांना, संग्रामसिंह आणि धाकटे दिग्विजयसिंह यांना, शब्द दिला होता की गल्लीत पहिली सुई माझी. भाऊ म्हणाले होते, तुम्ही बसलात तर आम्ही बसू. पहाटे अंग तापलं. शांताताई म्हणाल्या, आज राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. तापाची गोळी मागून घेतली, घाम येऊन अंग निवेपर्यंत पंख्याखाली बसले आणि धुतलेला सदरा घालून निघाले.

"म्हणाले, सुनेच्या हातची सुई आणि सासराच पळाला, असं म्हणतील. तुला मालूम पडू द्यायचं नाही म्हणून मला शपथ घातली. मी गोळी दिली. पाणी पण मीच दिलं."

विनिताला ती सकाळ आठवली. कपाळासमोर धरलेल्या यंत्राने ताप दाखवला नव्हता. तिने नेमाप्रमाणे विचारलं होतं, आणि महिपतराव रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले होते, "मोहित्यांना कसला ताप!" सगळे हसले होते. ती सुद्धा.

तिने मनात घटना क्रमाने लावल्या. ताप सुईच्या आधीचा होता. म्हणजे आजार आधीच शरीरात होता. लस तो देऊ शकत नाही, आणि तिचा उपयोग व्हायलाही काही आठवडे लागतात. इतकं स्वच्छ होतं. पण त्याच रात्री ताप चढला तेव्हा तिनेच सांगितलं होतं की हा लसीचा ताप आहे, दोन दिवसांत उतरेल, घाबरू नका. ते दोन दिवस सगळ्यांनी शांतपणे वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली, आणि तोवर शहरात एक खाट मिळत नव्हती. पहिली गोष्ट खरी होती म्हणून दुसरी खोटी ठरत नव्हती.

"ते दोन दिवस माझ्यामुळे गेले," ती म्हणाली. "लसीचा ताप समजून मी थांबवलं."

"तुला मालूम नव्हतं. मला होतं."

शांताताईंनी कोयी गोळा केल्या, सुपात टाकल्या, आणि खरा प्रश्न मग विचारला. सुईनंतर अर्धा तास बसवतात तेव्हा संग्रामसिंह महिपतरावांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. दोघांनी चहा मागवला होता, मास्क हनुवटीखाली ओढून गप्पा मारत होते.

"त्यांना... ह्यांच्याकडून लागला असेल?"

नाही म्हणणं सोपं होतं. शांताताई त्या एका शब्दाची वाट पाहत होत्या, हे दिसत होतं.

"शक्य आहे," विनिता म्हणाली. "त्या दिवसांत कुणाकडूनही लागला असता. सिद्ध करता येणार नाही. पण शक्य आहे."

शांताताईंनी मान हलवली.

"सांगायचं की नाही, ते तुमचं," विनिता पुढे म्हणाली. "मी कुणाजवळ बोलणार नाही. पण उद्या शेवटचा दिवस आहे, आई. उद्या कुपी उघडली नाही तर डबा इथून जाईल. तुम्ही येऊन बसलात तर बरं होईल. तुमचीही लस राहिलीच आहे."

"मिठाचा डबा दे," शांताताई म्हणाल्या.

शनिवारी विनिता खुर्च्या मांडत होती तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. पायात चपला, अंगावर फिकट राखी साडी. कपाळ मोकळं होतं. गल्लीने त्यांना असं अजून पाहिलं नव्हतं. विनिताने त्यांना बसवलं. या वेळी कपाळासमोरच्या यंत्रावर ती थांबली नाही. काखेत थर्मामीटर लावला, बोटाला ऑक्सिमीटर लावला, रात्री झोप कशी लागली, खोकला आहे का, कुठली गोळी घेतली का, सगळं विचारलं. सगळं ठीक होतं. तिने डब्याला हात घातला.

"किती लोक लागतात?" शांताताईंनी विचारलं.

"दहा. पण तुमच्यासाठी मी उघडते. मॅडमना मी सांगेन."

"आणि नऊ जणांची फेकणार?"

"हो."

"नको. मी बसते दहा होईपर्यंत." मग त्या उठल्या. "थांब. आधी समोर जाऊन येते."

दिग्विजयसिंह दुकानाचं शटर वर करून गादीवर बसतच होते. त्या दिवशी, एप्रिलमध्ये, माल उतरवून घ्यायचा होता म्हणून ते धर्मशाळेत आले नव्हते. थोरल्या भावाला पुढे पाठवलं होतं. शांताताईंना पाहून ते उठले. तीस वर्षांच्या सवयीने म्हणाले, "राम राम, भाभी. अंदर आइए."

शांताताई पायरीवरच थांबल्या. गल्ली अरुंद होती. विनिताला इकडून शब्द न् शब्द ऐकू आला.

"भाईसाहब, उस दिन उन्हें सवेरे से बुखार था. गोली मैंने दी थी. विनिता को मालूम नहीं था. आपके भैया उनके बगल में बैठे थे."

शेजारच्या दुकानात पुठ्ठ्याचं खोकं उघडणारा माणूस तसाच थांबला. दिग्विजयसिंहांनी आत बोलावणारा हात खाली घेतला.

"ये आप आज बता रही हैं."

"हां. आज."

त्यांनी हात वर केला आणि शटर खाली ओढलं. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

शांताताई परत आल्या. खुर्ची त्यांनी दालनातून ओढून दारात आणली, जिथून गल्लीला त्या दिसतील. ब्लाउजची बाही दंडावर सरकवली, पदर एका खांद्यावर आवरून घेतला आणि बसल्या. विनिता म्हणाली की बाहीची घाई नाही, अजून कुणी आलेलं नाही. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बायका आधी आल्या. ज्यांनी आवाज खाली करून विचारलं होतं त्याच. शांताताईंनी प्रत्येकीला तेच सांगितलं, त्याच शब्दांत. एकीला कळवळून सांगितलं आणि दुसरीला तोडून, असं केलं नाही. ऐकून काही जणी तिथेच बसल्या. एकीने मात्र आपल्या सुनेचा हात धरला. "बुखार लेकर हमारे बीच बैठे रहे? मेरे ये भी तो उसी लाइन में थे," असं म्हणून ती निघून गेली. शांताताईंनी तिला थांबवलं नाही. ती म्हणाली त्यात चुकीचं काही नव्हतं.

समरजीत दुपारी जेवायला आला तेव्हा घराला कडी होती. शोधत धर्मशाळेशी येईतो त्याने गल्लीतून सगळं ऐकलं होतं. दारात बाही वर करून बसलेल्या आईकडे त्याने पाहिलं, मग बायकोकडे. "मुझे किसी ने बताया क्यों नहीं?" असं काहीतरी पुटपुटला. त्याने एक खुर्ची ओढली आणि आईजवळ बसला.

दूध विकण्याचा सल्ला देणारा माणूसही आला. "मैं तो मजाक कर रहा था, दीदी," तो म्हणाला. विनिता म्हणाली, सुई मजाक नहीं करेगी, शर्ट निकालिए. पुष्कळ दिवसांनी त्या दालनात मोकळं हसू ऐकू आलं.

ऊन उतरू लागलं तेव्हा नऊ जण झाले होते. आता कुणी येईल असं दिसत नव्हतं. विनिताने ठरवलं की नवांवर उघडायची. ती हात निर्जंतुक करत असतानाच समोरचं शटर वर गेलं.

दिग्विजयसिंह गल्ली ओलांडून आले. मास्क नाकावर नीट चढवलेला होता. शांताताईंच्या खुर्चीजवळून ते पुढे गेले आणि विनितासमोर उभे राहिले.

"भैया को किससे लगा, तुम बता सकती हो?"

"नहीं, चाचाजी. कोई नहीं बता सकता."

"सुई से?"

"नहीं. इतना बता सकती हूं."

ते रांगेच्या अगदी टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि कुडत्याची बाही वर करू लागले. बाही घट्ट होती, वेळ लागला.

विनिताने कुपी उघडली. कुडत्याची बाही वर गेली तेव्हा तिने दिग्विजयसिंहांनाच आधी घेतलं, मग एकेकाला. प्रत्येकाला तिने तेच सांगितलं: एक दिन बुखार आए तो घबराना नहीं. दूसरे दिन भी रहे, या सांस भारी लगे, तो मेरे घर आना. रात हो तब भी. दरवाजा पीटना. हे आधीच्या सांगण्याहून वेगळं होतं, आणि तिने ते प्रत्येक वेळी पूर्ण म्हटलं.

"माझं शेवटी," शांताताई म्हणाल्या होत्या, म्हणून त्या शेवटी. त्यांचा दंड फार बारीक झाला होता. विनिताला कातडी दोन बोटांत धरावी लागली. सुई गेली तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं नाही, बघत राहिल्या. कापूस दाबून धरत विनिता म्हणाली, "आता अर्धा तास, आई."

"मालूम आहे."

सगळे आपापल्या खुर्च्यांवर बसून होते, मध्ये अंतर राखून. दिग्विजयसिंहांचा अर्धा तास सर्वांत आधी भरला. विनिताने खूण केली, तसे ते उठले. बाहेर जायला एकच दार होतं आणि दारात शांताताई बसल्या होत्या.

ते जवळ आले तेव्हा शांताताई उभ्या राहिल्या. भावजयीने मानलेल्या धाकट्या दिरासाठी उठायची रीत त्या गल्लीत नव्हती. त्या उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि खुर्ची मागे सारून वाट मोकळी करून दिली.

दिग्विजयसिंह उंबऱ्यापाशी थांबले. राम राम म्हणाले नाहीत. समोर गल्लीकडे बघतच म्हणाले, "बैठी रहिए. अभी आपका टाइम नहीं हुआ."

ते उतरून गेले. शांताताईंनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली आणि बसल्या.