कडेची शिवण

हडपसरच्या एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्ये निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची आणि कडेला रंगीबेरंगी दोरे असलेली लांबलचक सतरंजी तुम्ही पाहिली असेल, तर मित्रांनो, ती मीच. सोलापूरकडच्या मागावर माझा जन्म झाला. आता वय झालं आहे, पट्टे विटले आहेत.

माझ्यावर कोण बसलं नाही? हळदीकुंकवाला बायका बसल्या, चित्रकलेच्या स्पर्धेला मुलं लोळली, पाण्याच्या टँकरवरून माणसं तावातावाने भांडली. मी सगळ्यांची, असा माझा समज होता. थोडी घमेंडच म्हणा.

तळमजल्यावर काशीमभाई मुजावर राहत. उमेदीत शिंपीकाम केलेले. दरवर्षी गणपतीच्या आधी ते मला हॉलमध्ये पसरत, चष्मा नाकावर ओढत आणि उसवलेली कड शिवून काढत. डब्यात ज्या रंगाचा दोरा उरला असेल, तो वापरत. म्हणून माझ्या कडेला तेव्हा चार रंग. लोक कौतुक करायचे ते माझं. यंदा उन्हाळ्यात काशीमभाई गेले.

त्यांच्या मुलाने, दिलावरने, चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी रविवारी हॉल आणि मला मागितलं. कमिटीने नाही म्हटलं. दोन वर्षांपूर्वी सलिल नावाच्या आयटीतल्या तरुणाने ठराव मांडला होता, ‘हॉलमध्ये धार्मिक कार्यक्रम नकोत.’ सगळ्यांनी माझ्यावरच बसून हात वर केले होते. नकाराचं पत्र सेक्रेटरी पद्मजाबाईंनी लिहिलं. बाई सदाशिव पेठेतल्या निवृत्त शिक्षिका, अक्षर मोत्यासारखं. दिलावरने पत्राची घडी घातली आणि पार्किंगमध्ये ताडपत्री अंथरायचं ठरवलं.

आणि शनिवारी सोसायटीच्या वर्धापनदिनाचा सत्यनारायण होता. ठरावानंतरचा हा दुसरा. चौरंग मांडला, केळीचे खुंट बांधले, मला पसरलं. विसंगती कुणालाच दिसली नाही. खोटं कशाला बोलू, मलाही दिसली नाही. शिऱ्याच्या तुपाचा वास मला सवयीचा होता, आणि सवयीच्या गोष्टीला नाव द्यायचं सुचत नाही.

पूजा झाली. अध्यक्ष आप्पासाहेब प्रसाद वाटायला उठले. ही इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे. त्यांचा पाय माझ्या उसवलेल्या कडेत अडकला आणि ते धडपडले.

“आरं, काशीमभाईला हाक मारा कुणीतरी,” ते म्हणाले. “शिवण उसवलीया.”

बोलल्यावर त्यांना आठवलं. आप्पासाहेबांच्या हातातला द्रोण तसाच राहिला.

“हाक मारून उपयोग नाही,” पद्मजाबाई म्हणाल्या. “उद्या त्यांचा चाळिसावा आहे. पार्किंगमध्ये. धार्मिक कार्यक्रम ना तो! आणि हा चौरंग बहुधा फर्निचरचं प्रदर्शन असावं.”

“ह्यो कार्यक्रम न्हाई, बाई. ही आपली पद्धत हाय.”

“त्यांचीही पद्धतच आहे, आप्पासाहेब. पत्र मी लिहिलं, तेव्हा मलाही सुचलं नाही. लाज वाटते.”

सलिल म्हणाला, “रूल इज रूल, काका. मग पूजाही बंद करा.”

सगळंच बंद झालं, तर माझी जागा माळ्यावर, उंदरांच्या शेजारी. न्याय झाला असता, पण त्या न्यायावर बसायला कुणी आलं नसतं.

“बंद कशाला?” पद्मजाबाईंनी हॉलची वही उघडली. “ज्याला हवं त्याने नाव लिहावं. ज्याचं नाव आधी, त्याचा हॉल. वेळ आणि आवाजाचा नियम सर्वांना सारखा. सोसायटीच्या नावाने मात्र कुठलीच पूजा नाही. सत्यनारायण हवा असेल, तर पुढच्या वर्षी आप्पासाहेबांनी स्वतःच्या नावावर करावा.”

सलिलने मान डोलावली. आप्पासाहेबांना ते जड गेलं. वीस वर्षं सोसायटीची म्हणून केलेली पूजा आता त्यांच्या एकट्याची होणार होती. त्यांनी वाकून माझी उसवलेली कड सरळ केली. मग त्यांनी हात वर केला, आणि मागोमाग बाकीच्यांनी. पद्मजाबाईंनी वहीत रविवारसमोर पहिलं नाव दिलावरचं लिहिलं.

रविवारी सकाळी आप्पासाहेब एकटेच हॉलमध्ये आले. गुडघे धरत खाली बसले आणि काळ्या दोऱ्याने माझी कड शिवायला लागले. टाके वेडेवाकडे, सुई दोनदा बोटात घुसली. तेवढ्यात दिलावर आला.

“राहू द्या काका, मी शिवतो. अब्बांनी शिकवलंय मला.”

“न्हाई,” आप्पासाहेब मान वर न करता म्हणाले. “आज तू नुसतं बसायचं हाय.”

तेव्हापासून माझ्या कडेला पाच रंग आहेत. पाचव्या रंगाचा टाका सगळ्यात कच्चा आहे, पण मला तो फार आवडतो. मित्रांनो, सतरंजी मधून क्वचितच फाटते, ती कडेने उसवते. आणि मधे बसणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून माझी घडी घालताना एकदा कडेवरून हात फिरवत जा, एवढंच मागणं आहे.