स्टिअरिंगवरचं वजन

हफेई शहरातल्या गाड्यांच्या शोरूममध्ये माझं काम एवढंच, की नवी गाडी घेणाऱ्यांना शिकवायचं: गाडी स्वतः चालत असली तरी हात स्टिअरिंगवर आणि नजर रस्त्यावर पाहिजे. पाच वर्षं मी हेच घसा कोरडा करून सांगतोय. आणि माझ्या स्वतःच्या स्टिअरिंगला मी मुठीएवढं एक वजन अडकवलं होतं. त्याच्या भाराने गाडीला वाटतं माणसाचा हात आहे, मग ती सारखी कटकट करत नाही. नियम गिऱ्हाइकांसाठी, मी काय, जाणकार.

छिंगमिंगच्या, म्हणजे पूर्वजांच्या कबरी झाडायच्या सणाच्या, आदल्या सकाळी सासऱ्यांना गावी सोडायला निघालो. लांब पल्ल्याची बस एकतीस वर्षं चालवून ते निवृत्त झालेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. माझी बायको यीनान मुलीला घेऊन आधीच गावी पोचली होती.

"हे काय लटकवलंयस?" बसल्या बसल्या त्यांनी विचारलं.

"काही नाही बाबा. याने हात भरून येत नाहीत."

ते रस्त्यावरची नजर हटवेनात. म्हाताऱ्याची खोड जात नाही, असं म्हणून मी मनात हसलो.

तासाभराने एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला, 'हात सोडले तर चालतं का?' मी दोन्ही हातांत फोन धरून उत्तर लिहायला घेतलं. 'अजिबात नाही. क्षणभरही दुर्लक्ष...'

"माणूस आहे पुढे!" बाबा ओरडले आणि त्यांनी स्टिअरिंग ओढलं. गाडी प्लास्टिकचे शंकू उडवत कठड्याला घासून थांबली. रस्तादुरुस्तीचा एक कामगार हातभर अंतरावर खाली बसला होता. बाजूला उडी मारताना त्याचा पाय मुरगळला होता. तो शिव्याही देईना, नुसता माझ्या हातातल्या फोनकडे बघत होता.

पोलीस येईपर्यंत मुकादमाने त्याला दवाखान्यात नेलं. बाबांनी वजन काढून आपल्या कोटाच्या खिशात टाकलं.

"हे दिसलं तर शोरूमवाले तुला ठेवतील का?" एवढंच म्हणाले.

पोलिसाने विचारलं तेव्हा मी तोंड उघडण्याआधी तेच बोलले. "माझी चूक, साहेब. डोळ्याचं ऑपरेशन झालंय. उगाच घाबरलो आणि स्टिअरिंग ओढलं."

"काका, गाडी आपोआप थांबली असती ना. कशाला मधे पडलात? जीव गेला असता त्याचा."

"खरंय."

एकतीस वर्षांत ज्यांनी कधी एक दंड भरला नाही, ते मान खाली घालून पोरासोरासारखे बोलणी खात होते. मी सांगायला हवं होतं. पोलिसाने त्यांचं नाव लिहून घेतलं, तेव्हाही माझी जीभ हलली नाही. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

संध्याकाळी जेवताना यीनानने बापाला धारेवर धरलं. "शहाणपणा करायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला? यातलं याला कळतं की तुम्हाला? आजपासून मागच्या सीटवर बसायचं."

"बसेन," ते म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वाडगं खाली ठेवलं, घसा साफ केला आणि म्हणालो, "जाऊ दे गं. बाबांनी काही मुद्दाम केलं नाही."

"जावई मनाचा मोठा आहे हो," सासूबाई म्हणाल्या आणि माशाचा सगळ्यात चांगला तुकडा त्यांनी माझ्या वाडग्यात घातला. बाबा खाली बघून भात खात राहिले.

मी तो तुकडा खाल्ला.