संभाजीला खाली आणायचं

वाघोलीच्या हिंदुरावांना नकार ऐकायची सवय नव्हती. नगर रस्त्याकडेची जमीन बिल्डरला दिल्यापासून गावातली भलीभली माणसं त्यांच्यापुढे मान डोलवत. पण हे हिमालयाला कोण सांगणार?

फोन श्रीनिवासचा होता, पोरांच्या गिर्यारोहण क्लबच्या म्होरक्याचा. तो पायथ्याच्या तळावरून बोलत होता. हिंदुरावांचा एकुलता एक संभाजी शिखराखाली घसरून गेला होता. देह वर कड्यावर अडकलेला दिसत होता.

"मग आणा की खाली."

"काका, वरचा बर्फ सैल झालाय. मी आता कुणालाही वर पाठवणार नाही."

"म्हंजे? पोराला माती न्हाई, काय न्हाई?"

गडावरून कुणी पडलं की हीच पोरं दोर लावून दरीत उतरत आणि दिवस मावळायच्या आत प्रेत वर आणत, हे हिंदुरावांनी पाहिलं होतं. परक्यांसाठी एवढं करणारी पोरं आपल्या दोस्ताला सोडून येतात, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. सह्याद्रीचा कातळ वेगळा आणि हिमालयातला बर्फ वेगळा, हे समजून घ्यायला डोकं थाऱ्यावर लागतं. ते त्या दिवशी नव्हतं, आणि एरवीही हिंदुराव फारसं ऐकून घेणारे नव्हते.

"सिराजला दे फोन."

सिराज येरवड्याचा, संभाजीचा जिवलग. वाघोलीच्या घरात स्वतःच्या हातानं वाढून घेण्याइतका घरचा.

"सिराज, माझ्या घरात जेवलायस ना रे? मग तू सांग. आणतोस, का मी येऊ?"

"आणतो, काका."

श्रीनिवासला न जुमानता त्यानं आणलं. संभाजीला ताडपत्रीत बांधून दोरानं कड्याखाली सोडलं. खालच्यांनी देह हातात घेतला, आणि सिराज उभा होता तो उतारच निसटला. बर्फासकट तो खोल भेगेत गेला. हाका मारून मारून सगळ्यांचे घसे बसले.

वाघोलीत संभाजीच्या अंत्ययात्रेला सारा गाव लोटला. येरवड्याला जायचं मात्र हिंदुरावांना धाडस होईना. कुठल्या तोंडानं जाणार?

दहावा उरकून ते घरी परतले तर सोप्यात सिराजची आई, अख्तरबानू, बसलेली. तिनं शिव्याशाप द्यावेत, असंच त्यांना वाटत होतं.

"भाऊ, क्लबची मुलं सिराजला आणायला निघालीत."

हिंदुरावांना हायसं वाटलं. "लागंल ती सोय करतो, ताई. हेलिकॉप्टर मागवतो."

"सोय नको. त्यांना थांबवा. मी रडून सांगितलं, ऐकत नाहीत. म्हणतात, संभाजीला आणलं, सिराजला कसं सोडायचं? त्याची कबर असावी, असं मला नाही का वाटत? पण आणखी एखादीचं पोर जायला नको. तुम्ही बोला. तुमचा शब्द ती मोडत नाहीत. सिराजनं कुठं मोडला?"

ती टोमणा मारत नव्हती. म्हणूनच ते हिंदुरावांच्या काळजात रुतलं. त्यांनी फोन लावला.

"श्रीनिवास, वर जाऊ नका. एकानंबी जायचं न्हाई."

"हे तेव्हा सुचलं असतं, तर बरं झालं असतं, काका."

"व्हय," हिंदुराव म्हणाले. "न्हाई सुचलं."

"ठीक आहे. नाही जात आम्ही."

हिंदुरावांनी अख्तरबानूकडे बघून मान हलवली. तिनं पदर तोंडात कोंबला आणि ती रडू लागली. आता सिराज कधीच येणार नव्हता.