फाटक्या आवाजाची चाल

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही, पैज लावा. पण सत्यशीलाबाई इथंच, विहाराच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या आहेत. त्यांच्याच बहिणीच्या पोराची गोष्ट आहे, कुठं चुकली तर त्या धरतील.

तर आपल्या माजरीचा राजदीप आता अमेरिकेत मास्तर आहे. सहावी-सातवीच्या पोरांना विज्ञान शिकवतो. गाव असं थंड, की दिवाळीला शाळेच्या खिडक्यांना कुलूप लागतं ते होळी झाल्यावरच निघतं. रस्त्यात दोन माणसं बोलली की शब्द गोठून खाली पडतात आणि संध्याकाळी झाडूवाला ते टोपलीत भरून नेतो. राजदीपच्या दारापुढं एकदा अख्खी शिवी पडलेली सापडली होती. वितळेपर्यंत कोणाची ते कळलं नाही.

पण तेरा वर्षांची पोरं तिथंही आपल्यासारखीच. हातपाय वाढलेले, ते कुठं ठेवावेत हे मालकालाच ठाऊक नाही. त्यांतला एक टायलर. त्याचा आवाज फुटत होता. हापशीचा दांडा वर गेला की किंकाळी, खाली आला की घर्रर्र, तसा. एकदा वर्गात धडा वाचताना तो असा किंचाळला की पोरं बाकावर डोकी टेकून हसली. त्या दिवशी टायलरनं तोंड मिटलं ते मिटलंच.

नाताळच्या सुट्टीआधी प्रत्येकानं एक प्रयोग करून तो उभं राहून समजावून सांगायचा होता. टायलरचा प्रयोग झकास होता. लिंबांची रांग लावायची, त्यांत तारा खुपसायच्या आणि बारका दिवा पेटवायचा. दिवा पेटलाही. मग राजदीप म्हणाला, आता उद्या हे बोलून दाखव. टायलरनं मान हलवली आणि बोटानं बाकावर शून्य काढलं. एवढे मार्क द्या, बोलणार नाही.

ते शून्य राजदीपनं ओळखलं. असं तोंड त्यानंही मिटलं होतं.

तो तेरा वर्षांचा होता तेव्हा उन्हाळ्यात श्रामणेर शिबिराला, चार दिवस भिक्खू होऊन राहायला, गेला होता. तिथून आला तो मुंडण केलेलं डोकं, सुपासारखे कान आणि घोट्याच्या वर चढलेला पायजमा घेऊन. बुद्धपौर्णिमेला सगळ्यांनी त्यालाच पुढं बसवलं, की शिबिरातून शिकून आलाय, वंदना तू घे. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पुढचा एक ओळ म्हणतो, मागचे सगळे तीच ओळ त्याच चालीत म्हणतात. राजदीपनं त्रिसरण सुरू केलं आणि पहिल्याच ओळीत त्याचा आवाज फाटला. मधोमध असा उडाला, की छपरावरची कबुतरं थेट वरोऱ्याला जाऊन बसली. आणि मग अख्ख्या विहारानं, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून कडेवरच्या लेकरांपर्यंत, तीच ओळ म्हटली. तशीच फाटून. बरोबर त्याच जागी.

पोराला वाटलं, गाव आपली नक्कल करून राह्यलं. कशीबशी वंदना आटपून तो पळाला तो वर्ष-दोन वर्षं विहाराकडं फिरकलाच नाही. घरी जायला कोळशाच्या रेल्वे सायडिंगकडून लांबचा रस्ता धरला. शाळेत हजेरीला नुसता हात वर करायचा. दुकानात बोट दाखवून सामान आणायचा. आईनं तेल मागितलं की घरात मीठ यायचं. गाण्याचा गळा होता त्याचा, पण त्यानंतर तो कधी गायला नाही. मास्तर झाला तरी वंदनेला मागंच बसायचा, ओठ मिटून.

आता हा टायलरही तसाच मिटून जाणार, या विचारानं त्याला जेवण गेलं नाही. त्यानं सत्यशीलाबाईंना फोन लावला. बाई त्याची मोठी आई. टायलरचं सांगता सांगता त्याच्या तोंडून निघून गेलं, की तुम्ही सगळ्यांनी तेव्हा माझी नक्कल केली होती ना, तसंच झालंय.

बाईंना काही उमजेना. मग त्यांना ती पौर्णिमा आठवली.

“नक्कल कायची बाबू? तू पुढं बसला होता. तू जसं म्हनलं तसं आमी म्हनलं. वंदनेत का आपल्या मनानं म्हनाव लागते?”

“पन माहा आवाज फाटला होता, मोठी आई.”

“असं होय? मले वाटलं शिबिरातून नवी चाल आनली तुनं. आमी तर वर्षभर तशीच म्हनलो. तूच आला नाई ऐकाले.”

फोन ठेवल्यावर राजदीपला उलगडलं. इतकी वर्षं ज्यांना तो चुकवत फिरला, ते डोळे मिटून, हात जोडून त्याच्या मागं येत होते.

दुसऱ्या दिवशी टायलरची पाळी आली. तो उठेना. राजदीपनं त्याला काही म्हटलं नाही. खुर्ची ओढून बसला आणि वर्गाला सगळं सांगितलं. ते डोकं, ते कान, ती कबुतरं आणि काल कळलेली ती नवी चालसुद्धा. पोरं हसली, टायलरही हसला. मग कोणी न सांगता तो उभा राहिला, लिंबांपाशी गेला आणि पहिलं वाक्य बोलला. ते मधोमध फाटलं.

आणि कोणी हसायच्या आत राजदीपच्या तोंडून तेच वाक्य निघालं. तसंच फाटून. लहानपणची सवय, पुढच्यानं म्हटलं की मागच्यानं म्हणायचं. निघून गेल्यावर त्यानं जीभ चावली. मास्तरानंच पोराची नक्कल केली असं टायलरला वाटलं असेल तर सगळंच संपलं.

टायलरनं त्याच्याकडं वळून बघितलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या पोरीनं ते वाक्य म्हटलं. त्याच चालीत. मग मागच्यांनी म्हटलं, मग सगळ्यांनी. टायलरनं जरा चाचपून दुसरं वाक्य टाकलं, ते आणखी उंच उडालं. वर्ग तिथंही त्याच्या मागं गेला. तिसऱ्या वाक्याला पोरगा छाती काढून उभा होता. लिंबू, तार, दिवा, सगळं त्यानं शेवटपर्यंत सांगितलं. आणि राजदीप, जो त्या पौर्णिमेपासून मिटलेला होता, गळा मोकळा सोडून म्हणत होता.

आता पुढचं ऐका. त्या मुलखात म्हशीएवढं सांबर असतं, मूस म्हणतात त्याला. ते बाहेर बर्फात उभं होतं. त्यानं हा सगळा गलका ऐकला, खिडकीतून शिंगासकट मुंडकं आत घातलं, डोळे मिटले आणि बरोबर त्याच जागी आवाज फाडून…

सत्यशीलाबाईंनी हातातली शेंग सुपात टाकली.

“श्रीहरीभाऊ, पोरगं बोललं एवढं खरं हाय, राजदीपनं मलेबी सांगतलं. पन खिडकीले तर तुमी दिवाळीपासून कुलूप लावून ठेवलं होतं ना. मंग सांबराले किल्ली कोनं देल्ली?”