तपासणीआधीची झाडलोट

केनियातल्या थिका गावातल्या आमच्या कारखान्यात अंडी उबवायच्या पेट्यांचे तापमापक बनतात. ते बरोबर आहेत का, हे एक मोठा डबा ठरवतो; तापमान मोजणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं त्यात ओळीनं खोचलेली असतात. आणि डबा स्वतः खरं बोलतो का, हे वर्षातून एकदा नैरोबीच्या चेबेट मॅडम तपासतात. त्या येणार म्हटलं की मुलगी बघायला पाहुणे येणार असल्यासारखी धावपळ.

"बराझा, डब्याची जाळी धू. पंखा जोरात ठेव. माझा एसी इकडे लाव," आमचे मालक गिचुरू साहेब मला म्हणाले.

एरवी डब्याच्या पंख्याच्या घरघरीनं त्यांना फोनवर बोलता येत नाही, म्हणून तो मंद. जाळीवर लाल धुळीची गोधडी. डबा दिवसभर तापलेला.

"साहेब, वजन करण्यापुरतं उपाशी राहून काय मिळतं?" मी विचारलं.

"प्रमाणपत्र," साहेब म्हणाले.

चेबेट मॅडम आल्या. "रोज चालतो तसाच दाखवा. आधी आहे तसं मोजायचं, मग दुरुस्ती."

"रोज असाच असतो," साहेबांनी मंडाझीचे गोड तळलेले वडे पुढे केले आणि मला चहा आणायला पिटाळलं. 'रोज असाच चालतो' या ओळीखाली साहेबांची सही असलेलं प्रमाणपत्र सोनेरी चौकटीत भिंतीवर चढलं. पंखा पुन्हा मंद झाला.

यंदा साहेबांच्या बायकोनं, मामा न्योकाबींनी (इथे 'मामा' म्हणजे आई), उबवणी केंद्र काढलं. तापमापक अर्थात घरचाच. गल्लीतल्या बायकांनी विश्वासानं आपली अंडी आणून दिली.

पिल्लं निघायच्या दिवशी मामा अंड्यांची टोपली घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये आल्या. "एकही नाही फुटलं. आत सगळी उकडली."

चेबेट मॅडमना तातडीनं बोलावलं. या वेळी जाळी धुवायचं कुणाला सुचलं नाही. तापलेला डबा दोन अंश कमी दाखवत होता.

"मागच्या वर्षी तर बरोबर होता," साहेब पुटपुटले.

"मागच्या वर्षी तुम्ही मला धुऊन थंड केलेला, म्हणजे दुसराच डबा दाखवलात. हा कधीपासून चुकतोय, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. विकलेले सगळे तापमापक परत मागवा."

"सगळे?"

"कुठला चांगला आहे, माहीत आहे तुम्हाला?"

मला साहेबांची कीव आली, पण फारशी नाही.

मामांनी भिंतीवरची चौकट काढून अंड्यांवर ठेवली. "बायका दारात बसल्यात. त्यांना हे दाखवायचं. चला."

"मी कशाला?"

"सही तुमची आहे. टोपली धरा."

साहेबांनी टोपली उचलली.